रेंजफाइंडर प्रवासाला नेण्याआधी: कोल्हापुरात करायचा सराव

जुना रेंजफाइंडर हाती आला की पहिला बेत आखला जातो तो लांबच्या सहलीचा: हंपी, बनारस, नाहीतर थेट लडाख. माझं स्पष्ट मत आहे की अनोळखी गावात हा कॅमेरा पहिल्यांदा बाहेर काढायचाच नाही. त्याचे बरेचसे गुण आणि जवळपास सगळे दोष अंतराशी बांधलेले आहेत. अंतराचा अंदाज डोळ्याला बसतो तो रोजच्या रस्त्यांवर. महाद्वार रोड किती रुंद आहे हे तुमच्या पायांना आधीच माहीत असतं. आता ते बोटांना शिकवायचं आहे. एक कॅमेरा, एक लेन्स, दोन रोल आणि एक सुट्टीचा आठवडा एवढं जमलं, की हे यंत्र आपल्या प्रवासाला उपयोगाचं आहे की नाही याचं खरं उत्तर मिळतं.

आत काय चालतं ते आधी समजून घ्या

एसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, आपण लेन्समधूनच बघतो. रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, वेगळी असते, लेन्सच्या वर आणि थोडी बाजूला. तिच्यापासून काही सेंटिमीटरवर आणखी एक छोटी खिडकी असते. या छोट्या खिडकीतलं चित्र आतल्या आरशांवरून किंवा लोलकांतून वळून मुख्य चित्राच्या मधोमध पडतं. तिथे जो पिवळसर किंवा पांढुरका ठिपका दिसतो, तोच पॅच. फोकस रिंग फिरवली की पॅचमधलं चित्र आडवं सरकतं. दोन्ही चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसली की फोकस लागला. दोन खिडक्यांमधलं अंतर हा या मोजणीचा पाया. पाया लांब आणि व्ह्यूफाइंडरमधलं चित्र मोठं, तितका फोकस अचूक.

जर्मन अभियंता ऑस्कर बार्नाकच्या १९२५ च्या पहिल्या लायका कॅमेऱ्यात ही सोय नव्हती. अंतर एकतर अंदाजाने ठरवायचं किंवा वर वेगळं मोजयंत्र बसवायचं. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर १९३२ मध्ये लायका टूमध्ये आणि त्याच साली झाइसच्या कॉन्टॅक्समध्ये आला. १९५४ च्या लायका एम ३ मध्ये मोठं, लख्ख व्ह्यूफाइंडर आणि लेन्सप्रमाणे आपोआप बदलणाऱ्या फ्रेमलाइन्स, म्हणजे फोटोत किती येणार ते दाखवणाऱ्या रेषा, मिळाल्या. हा कॅमेरा आजही लोक रोज वापरतात.

या रचनेचे परिणाम प्रवासात पावलोपावली जाणवतात. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळंच स्पष्ट दिसतं, त्यामुळे मागचं किती धूसर होणार हे डोळ्याला कळत नाही. फ्रेमलाइनच्या बाहेरचंही दिसतं, म्हणजे कोपऱ्यातून येणारी सायकल फ्रेममध्ये शिरण्याआधीच कळते. आरसा वर-खाली होत नाही, म्हणून क्लिकच्या क्षणी अंधारी येत नाही, धक्का कमी बसतो आणि आवाजही हळू. आणि लेन्सवर झाकण तसंच राहिलं तरी व्ह्यूफाइंडरमध्ये काहीच कळत नाही! फिरताना झाकण बॅगेत टाका, लेन्सवर हूड लावा.

कॅमेरा कुठला? आधी मागून आणा

विकत घेण्याची घाई नको. काकांच्या कपाटात, लग्नाचे फोटो काढणाऱ्या जुन्या स्टुडिओवाल्याकडे किंवा मित्राच्या वडिलांकडे एखादा नक्की पडून असतो. सरावासाठी मला दोन कॅमेरे सगळ्यात बरे वाटतात. पहिला यॅशिका इलेक्ट्रो ३५, १९६६ पासूनचा. त्याला ४५ मिमी एफ १.७ लेन्स आहे. ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते बारीक) तुम्ही निवडायचं, शटर स्पीड तो ठरवतो. बॅटरी संपली की मात्र तो फक्त १/५०० वर चालतो. दुसरा कॅनोनेट क्यूएल १७ जी-थ्री, १९७२ चा, ४० मिमी एफ १.७. यात शटर स्पीड तुमचा, ॲपर्चर त्याचं. हवं तर दोन्ही हाताने ठेवता येतं, फक्त मग प्रकाश मोजणारा मीटर बंद असतो. दोघांसाठीच्या मूळ पाऱ्याच्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत, ॲडॅप्टर लावून आजच्या बॅटऱ्या चालवाव्या लागतात. दोन्ही ०.८ मीटरपेक्षा जवळ फोकस करत नाहीत.

सोव्हिएत झॉर्की ४ स्वस्त आणि दणकट आहे. त्याचा एक नियम मात्र मोडायचा नाही: आधी फिल्म पुढे सरकवून शटर भरायचं आणि मगच स्पीडची चकती फिरवायची. उलटं केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते. जुन्या बाजारात पितळी चकाकीचे, वर गरुड वगैरे कोरलेले ‘लायका’ दिसतात; ते बहुतेक करून झॉर्की किंवा फेड या दुसऱ्या सोव्हिएत कॅमेऱ्यावर नवी नावं कोरून बनवलेले असतात. शोभेला ठीक, लायकाची किंमत मोजायला नाही. डिजिटल हवा असेल तर लायकाची एम मालिका आहे, पण किंमत बघता तो भाड्याने किंवा उसना मिळाला तरच हा प्रयोग करा. फुजीचा एक्स १०० दिसतो रेंजफाइंडरसारखा, पण त्यात हा दोन खिडक्यांचा फोकस नाही.

रोल घालण्याआधीची तपासणी

शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा याच गावात घडवला. खरी कॉर्नरचा कॅमेरा मानस्तंभ त्याचीच आठवण सांगतो. ज्या गावात माणसांनी यंत्र समजून घेऊन स्वतः बनवलं, तिथे आपण निदान ते नीट तपासून तरी घ्यावं.

पाठीमागचं झाकण उघडा. कडेच्या खाचांतला काळा फोम बोटाला चिकटत असेल तर तो विरघळायला लागला आहे, प्रकाश आत शिरणार. तो बदलणं सोपं आणि स्वस्त आहे. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर दिसतो का बघा. शटर १/५०० पासून १ सेकंदापर्यंत, जिथवर जातं तिथवर प्रत्येक स्पीडवर दाबून ऐका. जुन्या कॅमेऱ्यात आधी संथ स्पीड अडखळतात. शटर आणि ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून, मागून टॉर्च मारून लेन्स बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर तो फंगस. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या लेन्समध्ये तो हमखास सापडतो. थोडा असेल तर चित्रावर फार फरक पडत नाही, पण असा कॅमेरा दुसऱ्या चांगल्या लेन्सशेजारी ठेवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं पॅचचं. गच्चीवर जा आणि लांबच्या, अर्ध्या-एक किलोमीटरवरच्या मोबाईल टॉवरवर किंवा पाण्याच्या टाकीवर पॅच धरा. रिंग अनंतावर टेकली की दोन्ही चित्रं एक झाली पाहिजेत. आडवा फरक राहिला तर मोजमाप चुकतंय. उभा फरक राहिला, म्हणजे एक चित्र थोडं वर आणि एक खाली, तर फोकस लागतो पण डोळ्याला त्रास होतो. दोन्ही दुरुस्त होतात. पॅच अगदीच पुसट असेल तर मात्र कॅमेरा परत करा. त्याच्यावर शिकणं म्हणजे नुसता मनस्ताप.

पहिली पायरी: भवानी मंडपात, रोलशिवाय

सकाळी गर्दी व्हायच्या आत भवानी मंडपात जा. एखादा खांब, उभी असलेली मोटारसायकल, चहाच्या गाड्याचा कोपरा निवडा. आधी तोंडाने अंतर सांगा: ‘तीन मीटर’. मग पॅच जुळवा आणि लेन्सवरचा आकडा वाचा. सुरुवातीला बहुतेकांचे जवळचे अंदाज बरे येतात आणि पाच मीटरच्या पुढचे कोसळतात. मधल्या उंचीच्या माणसाचं चालतं पाऊल साधारण ७५ सेंमी असतं. चार पावलं म्हणजे ३ मीटर. हात लांब करून बोट टेकेल इतक्या जवळ गेलात तर यॅशिका किंवा कॅनोनेट फोकस करणार नाही, ही खूणगाठ बांधून ठेवा. जुन्या कॅमेऱ्यांच्या रिंगेवर मीटर आणि फूट दोन्ही असू शकतात, तेव्हा कुठला आकडा कशाचा हे आधीच बघून घ्या.

मग आकडा न वाचता हाच सराव करा. रिंगेला बोट टेकवायचा टॅब किंवा दांडी असेल तर ३ मीटरला ती कुठे येते, १.५ मीटरला कुठे, हे बोटाला पाठ झालं पाहिजे. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच बोट अंदाजे जागी जायला लागलं, की तुम्ही पुढच्या पायरीला तयार. ही पायरी कंटाळवाणी आहे हे खरं, पण सगळा लेख टाकून फक्त एकच गोष्ट करणार असाल तर हीच करा.

दुसरी पायरी: चप्पल लाइनमध्ये पॅच जुळवणं

पॅच आडवा सरकतो, म्हणून त्याला उभी कड लागते. चप्पल लाइन यासाठी उत्तम जागा आहे. टांगलेल्या कोल्हापुरींच्या रांगेवर पॅच धरून बघा: एकसारखे पट्टे, एकसारखी वेणी. एका चपलेचं चित्र शेजारच्या चपलेवर बसतं आणि डोळा फसतो. जाळी, विटा, खिडकीचे गज इथेही हेच होतं. उपाय म्हणजे रांगेतली एकच वेगळी गोष्ट धरायची, किमतीची चिठ्ठी, लाल गोंडा किंवा दुकानाच्या दाराची चौकट. कड आडवीच असेल, पायरीची किंवा फळीची, तर कॅमेरा उभा धरा, पॅच जुळवा आणि मग पुन्हा आडवा करून फोटो घ्या.

माणसाचा चेहरा असेल तर डोळ्याची कड, चष्म्याची काडी, कानाची बाजू किंवा कानातली कुडी पकडा. फोकस लावून कॅमेरा थोडा वळवायचा असेल तर एफ ४ किंवा त्याहून बारीक ॲपर्चर ठेवा. अगदी उघड्या लेन्सला, अगदी जवळून हे वळवणं अंगलट येतं. आणि मीटरभर अंतरावर फ्रेमलाइनचा काठोकाठ वापर करू नका. खिडकी वेगळीकडे आणि लेन्स वेगळीकडे असल्याने जवळच्या गोष्टींची चौकट सरकते. चांगले कॅमेरे फ्रेमलाइन हलवून ती बरीचशी सावरतात, सगळी नाही. कडेला थोडी जागा सोडलेली बरी.

तिसरी पायरी: महाद्वार रोड आणि ठरवून ठेवलेलं अंतर

आता रोल घाला. आयएसओ (फिल्मची प्रकाश टिपायची क्षमता) ४०० चा, शक्यतो कृष्णधवल, म्हणजे रंगाचा विचार बाजूला राहील. फिल्म पुढे सरकवताना रिवाइंडचा नॉब फिरतो आहे ना, हे दोनदा बघा. नॉब स्थिर असेल तर फिल्म अडकलेलीच नाही.

ॲपर्चर एफ ८, फोकस ३ मीटर. एवढ्यावर ४० मिमी लेन्सला साधारण २ ते साडेपाच मीटरमधलं सगळं स्वीकारण्याजोगं स्पष्ट येतं. ४५ मिमीला ही पट्टी २.२ ते ४.६ मीटर, ३५ मिमीला १.९ ते ७.३ मीटर. म्हणजे तुम्ही फोकस करत नाही, तुम्ही स्वतः त्या अंतरावर जाऊन उभे राहता. फुलवालीच्या टोपलीपासून चार पावलांवर थांबा, कॅमेरा छातीशी ठेवा, ग्राहक वाकला की उचला आणि दाबा. रेंजफाइंडर प्रवासासाठी का घ्यावा याचं उत्तर बहुतेकांना याच रस्त्यावर मिळतं.

प्रकाश मीटरशिवायही मोजायला शिका. लख्ख उन्हात आयएसओ ४०० ला १/५०० आणि एफ १६. इमारतींच्या मोकळ्या सावलीत तीन पायऱ्या खाली (प्रत्येक पायरीला फिल्मवर दुप्पट प्रकाश), म्हणजे १/२५० आणि एफ ८. शंका आली तर निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्तच प्रकाश द्या. कमी दिला तर सावल्या कायमच्या जातात.

अंबाबाईच्या देवळाचं महाद्वार पश्चिमेला तोंड करून आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस किरणोत्सवाच्या दिवसांत मावळतीची किरणं याच बाजूने देवळात शिरतात. त्या सुमारास संध्याकाळी रस्त्यात उभं राहून पश्चिमेकडे बघितलंत तर दोन गोष्टी होतील. ऊन छोट्या खिडकीवर पडून पॅच फिका होईल. तिच्यावर तळहाताची सावली धरा. आणि जुन्या लेन्समध्ये चकाकी पसरेल, जी व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारच नाही. हूड लावा किंवा एखाद्या छपराच्या सावलीत सरका. अंबाबाईच्या देवळात शिरताना कॅमेरा बॅगेत. तो नियम पाळायचाच, आणि दर्शन मोकळ्या हातांनी झालेलं चांगलं.

चौथी पायरी: गंगावेशीचा दूध कट्टा

कमी प्रकाशाचा सराव करायला गावात याहून चांगली जागा मला माहीत नाही. संध्याकाळी दिवे लागले की कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोरच धार काढली जाते आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात येतो. आधी ग्लास घ्या, मग विचारा: “मामा, फोटो काढला तर चालंल न्हवं?” बहुतेक वेळा “काढा की!” असंच उत्तर येतं.

पॅच म्हशीच्या अंगावर धराल तर काहीच हाती लागत नाही. काळ्या कातडीवर कडच नाही. दाव्याची दोरी धरा, शिंगाची कड धरा किंवा बादलीचा चकाकता काठ, जिथे तो वळून उभा होतो. एफ १.७ ला दीड मीटरवर ४५ मिमी लेन्सचा स्पष्ट पट्टा पुढे-मागे मिळून जेमतेम ११ सेंमी असतो. धार काढणाऱ्याचा हात स्पष्ट आला तर चेहरा सुटतो. काय हवं ते आधी ठरवा. मी हात निवडतो.

इथे मीटरही फसतो. काळी म्हैस फ्रेमभर असली की त्याला सगळं अंधारलेलं वाटतं आणि तो गरजेपेक्षा जास्त प्रकाश देतो. यॅशिकाच्या ज्या मॉडेलात आयएसओची चकती तिथवर जाते, त्यात ती ४०० वरून ८०० वर नेली की एक पायरी कमी होते. नंतर ती परत ४०० वर आणायची. हाताने ठेवायचं असेल तर दिव्याजवळ एफ २ आणि १/३० पासून सुरुवात करा. कोपर पोटाशी टेकवा, श्वास सोडताना बटण दाबा. आरसा नसल्याने १/१५ ला सुद्धा चांगले फोटो येतात.

हे जमलं तर एखाद्या तालमीत वस्तादांची परवानगी काढून पहाटे जा. चपला बाहेर, कुस्तीच्या मातीच्या हौदापासून लांब, आणि फ्लॅश अजिबात नाही. हौदाच्या मध्यावर आधीच फोकस लावून ठेवा. यॅशिका-कॅनोनेटच्या लीफ शटरची (लेन्समध्येच बसवलेल्या पात्यांच्या शटरची) टिकटिक तिथे कुणाचं लक्षही वेधत नाही. लाल माती बारीक उडते, रोल तिथे बदलू नका.

पाचवी पायरी: जिथे हा कॅमेरा हरतो

रंकाळ्यावर जा आणि पाण्यावरचे पक्षी टिपायचा प्रयत्न करा. जमणार नाही. रेंजफाइंडरवर १३५ मिमीच्या पुढे फारसं काही नाही, आणि १३५ ची फ्रेमलाइनसुद्धा व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एक बारकी पेटी असते. तुमचा प्रवास म्हणजे दाजीपूरचे गवे आणि फुलपाखरं असेल तर हा कॅमेरा घरीच ठेवा.

रंकाळ्याच्या मावळतीला आणखी एक धोका आहे. लायका, झॉर्की, फेड यांच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यांत शटरचा पडदा कापडी असतो आणि त्याच्यापुढे आरसा नसतो. लेन्स अनंतावर, ॲपर्चर उघडं आणि तोंड सूर्याकडे असा कॅमेरा गळ्यात लटकत राहिला तर भिंगाने कागद जळतो तसं पडद्याला भोक पडतं. संध्यामठाची काळी आकृती टिपून झाली की लेन्स खाली वळवा, ॲपर्चर एफ १६ ला ठेवा.

सहावी पायरी: एक पूर्ण दिवस खिद्रापूर

ही रंगीत तालीम. कुरुंदवाडमार्गे खिद्रापूरला जा, दुसरा रोल आणि हाच एक कॅमेरा. मोबाईलने फोटो काढायचे नाहीत. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला वर गोल मोकळं आकाश आहे. खाली खांबांवर गडद सावली आणि मधल्या वर्तुळात ऊन. मीटर आकाश बघून फोटो काळा करेल, म्हणून प्रकाश खांबांवर मोजा. मंडपात किती मागे सरलं तरी ४५ मिमीमध्ये अख्खं वर्तुळ बसत नाही. इथे तुम्हाला कळेल की तुमच्या प्रवासाला ३५ किंवा २८ मिमी हवी का. बाहेरच्या कोरीव हत्तींचे बारकावे ०.८ मीटरच्या अटीत किती येतात तेही बघा. येताना नृसिंहवाडीच्या घाटावर उरलेला रोल संपवा. दिवसाअखेरी मान दुखली का, चष्म्यामुळे फ्रेमलाइनचे कोपरे दिसले का, सोबतची माणसं ताटकळली का, हेही लिहून ठेवा.

रोल धुवून आल्यावर

प्रत्येक फोटोमागे वहीत अंतर, ॲपर्चर आणि प्रकाश एवढंच टिपलेलं असावं. मग निगेटिव्ह घेऊन बिघडलेले फोटो वेगळे काढा आणि कारण लिहा: फोकस चुकला, हात हलला, चौकट चुकली की प्रकाश. फोकस चुकलेले फोटो एकाच बाजूला, नेहमी थोडे पुढे किंवा नेहमी थोडे मागे असतील तर दोष कॅमेऱ्याचा आहे, तो दुरुस्तीला द्या. कधी पुढे कधी मागे असतील तर सराव हवा. चौकट चुकण्याचं प्रमाण दुसऱ्या रोलमध्ये कमी झालं नसेल, आणि तुम्हाला मुळात कडा नेमक्या लागत असतील, तर तुमच्यासाठी एसएलआर किंवा मिररलेसच बरा. त्यात कमीपणा काही नाही.

पण महाद्वार रोडच्या रोलमध्ये असे चार-पाच फोटो सापडले, जे तुम्ही दुसऱ्या कुठल्याही कॅमेऱ्याने काढलेच नसते, तर कॅमेरा ठेवून घ्या.

मग प्रवासाची तयारी थोडकीच उरते. बॅटरीची एक जादा जोडी घ्या. चामडी कव्हर ओल धरून ठेवतं, त्यामुळे पावसाळ्यात त्यात कॅमेरा ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून शटर फिरवा. उन्हात उभ्या गाडीत रोल ठेवू नका. विमानाने जाणार असाल तर रोल सामानात न देता हातातल्या पारदर्शक पिशवीत न्या आणि हाताने तपासायची विनंती करा, विशेषतः जिथे नवी सीटी स्कॅनर यंत्रं आहेत तिथे. वापरलेल्या रोलची जीभ (फिल्मचं बाहेर राहणारं टोक) पूर्ण आत गुंडाळा, आणि डबीवर गाव, तारीख आणि आयएसओ लिहून टाका.